न दुखणारी गाठ

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानाला पुरुष मंडळी फिरकणार नाहीत, असं संयोजकांचं म्हणणं होतं. समोर बघते तर निम्म्या खुर्च्यांवर तीच बसली आहेत. बरं झालं. स्तनाचा कर्करोग हा बायकांचा विषय म्हणून बायकांपुरता सांगितला, तर त्यातला अर्धा भाग सांगायचाच राहतो. तो घरातल्या पुरुषांच्या कानावर जायला हवा. आणि हेही आधीच सांगून टाकते, हा रोग पुरुषांनाही होतो. शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो, आणि तो बाईपेक्षाही उशिरा येतो. आपल्याला असं काही होऊ शकतं हे त्याच्या गावीच नसतं.

या कामात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "दुखत नव्हतं हो डॉक्टर, म्हणून आले नाही." मला या वाक्याचा राग येत नाही. दाढ ठणकली की आपण दवाखाना गाठतो, पोटात कळ आली की रात्री-अपरात्री रिक्षा शोधतो. जे दुखतं ते वाईट, हे आपण लहानपणापासून शिकतो. खुरपायला जाणाऱ्या बाईची तर कंबर, गुडघे, खांदे रोजच दुखत असतात. त्यात जे दुखत नाही त्याच्याकडे बघायला तिला सवड कुठली? हा रोग नेमका तिथेच फसवतो. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. याउलट छाती दुखते म्हणून घाबरून येणाऱ्या बहुतेक जणींना कर्करोग नसतो. पाळीच्या आधी स्तन जड होतात, दोन्हीकडे ठणकतात, पाळी आली की उतरतं, ते हार्मोन्समुळे. म्हणजे माझ्यासमोर रडत बसलेलीला बहुतेक वेळा काही नसतं, आणि जिला असतं ती घरी पोळ्या लाटत असते. अर्थात दुखणारी गाठ कर्करोगाची नसतेच असंही नाही. दुखण्यावरून काही ठरवूच नये, एवढंच.

आता हाताला नेमकं काय लागतं? विशी-पंचविशीच्या मुलींमध्ये सापडणारी गाठ बहुतेक वेळा फायब्रोअॅडिनोमा असते. गुळगुळीत असते, बोटांखालून इकडून तिकडे सटकते. चाळिशीच्या आसपास पाण्याच्या गाठी होतात, त्यांना सिस्ट म्हणतात. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला दुधाची गाठ होते. हाताला लागणाऱ्या दहा गाठींपैकी आठ-नऊ अशा निरुपद्रवी असतात, हे ऐकून घरी जाताना थोडं हलकं वाटू द्या. कर्करोगाची गाठ सहसा टणक असते, तिच्या कडा वेड्यावाकड्या असतात, ती आजूबाजूला रुतून बसलेली असते. "सहसा" म्हणते, कारण काही कर्करोग गुळगुळीत आणि हलणारेही निघतात. त्यामुळे नुसता हात लावून "ही साधी गाठ आहे" असं सांगायचा अधिकार मी इतक्या वर्षांनंतर स्वतःलाही देत नाही. गाठ आहे की नाही हे हाताला कळतं. ती कसली आहे ते तपासणीतच कळतं.

जागेचंही थोडं सांगते, कारण बायका चुकीच्या जागी शोधतात. स्तनाग्राच्या आजूबाजूला चाचपतात आणि काही नाही म्हणतात. स्तनाचा भाग वर गळ्याजवळच्या हाडापर्यंत आणि बाजूला काखेपर्यंत पसरलेला असतो. जवळपास निम्मे कर्करोग स्तनाच्या वरच्या, बाहेरच्या भागात, म्हणजे काखेकडच्या बाजूला होतात. काखेत गाठ येणं हेही लक्षण आहे, मग स्तनात हाताला काही लागो न लागो. चाचपताना चिमटीत धरून बघू नका. चिमटीत धरलं तर प्रत्येकीला प्रत्येक ठिकाणी गाठच लागेल. साबणाचा ओला हात, बोटं सपाट, आणि हलका दाब.

पाळी चालू असलेल्या बायकांचे स्तन मुळातच एकसारखे लागत नाहीत. कुठे दाटसर, कुठे दाणेदार, आणि पाळीच्या आधी तर जास्तच. म्हणून एखादी शंका आली तर पाळी येऊन जाऊ द्यावी आणि मग परत बघावं. उतरलं तर ठीक. तसंच राहिलं तर दाखवायचं. ही सवलत एकाच पाळीची आहे, तीन पाळ्यांची नाही. आणि जिची पाळी बंद झाली आहे तिला हीसुद्धा सवलत नाही. साठीच्या बाईच्या स्तनात नवी गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवावं.

गाठीचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बाकीच्या खुणा मात्र मागे पडतात, म्हणून त्या जरा सावकाश सांगते. दोन्ही हात वर केल्यावर एका स्तनाच्या कातडीवर खळी पडते, कातडी आत ओढल्यासारखी दिसते. एकीकडचा आकार किंवा ठेवण बदलते. जन्मापासून दोन्ही बाजूंत थोडा फरक बऱ्याच जणींना असतो, त्याची काळजी नको. आपण बोलतोय ते नव्याने झालेल्या बदलाबद्दल. स्तनाग्र आत ओढलं जातं, किंवा त्याची दिशा बदलते. यातही ज्यांचं पहिल्यापासूनच आत आहे त्यांनी घाबरू नये. दाबल्याशिवाय, आपोआप, एकाच बाजूने रक्ताळलेला किंवा पाण्यासारखा स्राव येतो आणि आतल्या कपड्यावर डाग पडतो. दाबून काढलेला, दोन्हीकडून येणारा, दुधासारखा किंवा हिरवट स्राव बहुधा वेगळ्या कारणाचा असतो, पण दाखवावा तोही.

एक खूण अशी आहे की तिच्यावर मलमं लावण्यात महिने जातात. स्तनाग्राला खाज सुटते, खपली धरते, ओलसर होतं, बरं झाल्यासारखं वाटतं, पुन्हा होतं. दिसायला अगदी इसब. इंग्लंडचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली दाखवून दिलं की अशा काही बायकांना पुढे त्याच स्तनात कर्करोग होतो. म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. साधं इसब बहुतेकदा भोवतालच्या काळ्या वर्तुळावर आणि दोन्हीकडे असतं. पॅजेटचा रोग एकाच बाजूला, थेट स्तनाग्रावर सुरू होतो. दोन-तीन आठवडे मलम लावून गेलं नाही, तर तिथल्या कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवावा.

दुसरी खूण याहून घाईची. पूर्ण स्तन लाल होतो, गरम लागतो, सुजतो, कातडी जाड होऊन तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसतात. गाठ मात्र हाताला लागतेच असं नाही. हे सगळं काही आठवड्यांत होतं. दिसायला पू झाल्यासारखं दिसत असल्यामुळे अँटिबायोटिक दिलं जातं, आणि एक कोर्स देणं योग्यही आहे. दुसरा, तिसरा, चौथा देत बसणं योग्य नाही. पहिल्या कोर्सनंतर उतरलं नाही तर ते दाहक प्रकारच्या कर्करोगामुळे असू शकतं, आणि हा प्रकार थांबत नाही.

उशीर कुठे होतो, त्याबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे.

गाठ पहिल्यांदा सापडते बाईलाच, बहुतेक वेळा आंघोळ करताना. त्यानंतर ती काही दिवस स्वतःशीच म्हणते, असेल काहीतरी. मग बहिणीला फोनवर सांगते, मग जावेला किंवा मैत्रिणीला. नवऱ्याला सांगण्याचा क्रम फार मागून येतो. मधे ज्वारीची काढणी येते, पुतण्याचं लग्न येतं, मुलाची दहावी येते, आणि प्रत्येक वेळी "हे एवढं झालं की जाऊ" ठरतं. मुलगी लग्नाची असेल तर एक वेगळीच भीती असते: आईला कॅन्सर आहे हे पाहुण्यांना कळलं तर सोयरीक मोडेल. ही भीती खोटी नाही, आपल्या समाजाने ती निर्माण केलेली आहे. याशिवाय पुरुष डॉक्टरपुढे पदर बाजूला करायचा संकोच. तपासायला गेलो तर खर्च किती येईल याचा घोर. कुणीतरी सांगितलेला झाडपाल्याचा लेप. बाई अडाणी असते म्हणून हे होतं, हा समज सोडून द्या. मी प्राध्यापिका पाहिल्या आहेत, बँकेतल्या अधिकारी पाहिल्या आहेत. अंगावर काढण्यात त्या कुणालाच हार गेलेल्या नाहीत.

इथे पुरुषांचा अर्धा भाग येतो. बायकोने घरात मोठ्याने सांगितलं नाही, तर तिला सांगायला जागा नव्हती असं समजा. तुम्ही विचारलंत तर ती सांगेल. सांगितल्यावर "काही नाही गं, गरमीने असेल" असं म्हणू नका, कारण ती तेच ऐकायला उत्सुक असते आणि तुमच्या त्या एका वाक्यावर सहा महिने काढते. दवाखान्यात तिच्याबरोबर आत या, बाहेर मोबाइल बघत बसू नका.

दुसरा उशीर आमच्याकडचा आहे, म्हणजे डॉक्टरांकडचा. बाळ सात-आठ महिन्यांचं असलेली एक तरुण शिक्षिका माझ्याकडे आली होती. ओळखीच्या खुणा बदलून सांगते. तिने गाठ लगेच दाखवली होती. तिला दुधाची गाठ आहे म्हणून सांगितलं गेलं, शेकायला सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि मग हेच तिसऱ्या दवाखान्यापर्यंत चालू राहिलं. साधी सोनोग्राफी कुणी केली नाही. दुधाची गाठ बाळ नीट पिऊ लागलं, किंवा दूध काढून टाकलं, की काही दिवसांत विरते. दोन आठवड्यांत विरली नाही तर ती दुधाची आहे हे गृहीत धरू नये. पस्तिशीच्या आत कर्करोग होत नाही असं डॉक्टरच मनाशी धरून बसले तर बाईने काय करायचं? आपल्याकडे तर हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने बऱ्याच लहान वयात दिसतो. चाळिशी-पन्नाशीतल्या रुग्ण आमच्याकडे नेहमीच्याच आहेत.

याहून वाईट प्रकार म्हणजे तपासणी न करताच गाठ भूल देऊन काढून टाकणं, आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजीला न पाठवता फेकून देणं. पुढे तिथेच पुन्हा काही उगवलं की आधी काय होतं, किती होतं, सगळंच हरवलेलं असतं. योग्य क्रम तीन पायऱ्यांचा आहे. आधी डॉक्टरांनी हाताने तपासायचं. मग फोटो: चाळिशीच्या आतल्या बाईची सोनोग्राफी, त्यापुढच्या बाईची मॅमोग्राफी आणि गरज पडली तर सोनोग्राफीही. मग जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा घेऊन बायोप्सी. तिन्हींचा मेळ बसला तरच निदान पक्कं. सुई मारली की कॅन्सर पसरतो, ही समजूत मी प्रत्येक गावात ऐकली आहे. तसं होत नाही. सुई न मारल्याने मात्र नुकसान झालेलं मी नेहमी बघते. जागतिक आरोग्य संघटनेने तर देशांपुढे उद्दिष्टच ठेवलं आहे की लक्षण घेऊन बाई पहिल्यांदा आली की ६० दिवसांच्या आत तिचं निदान पूर्ण झालं पाहिजे. आपल्या जिल्ह्यात किती जणींचं होतं, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

तुम्ही म्हणाल, स्वतःची तपासणी करा असं सगळीकडे सांगतात, तुम्ही कसं सांगत नाही? सांगते, पण थोडं वेगळं. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ स्त्री-कामगारांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या जणींना दरमहा स्वतःचे स्तन तपासायची पद्धतशीर शिकवणी दिली, निम्म्या जणींना नाही. २००२ साली शेवटचे आकडे छापून आले. स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू दोन्ही गटांत सारखेच होते. शिकवलेल्या गटात निरुपद्रवी गाठींच्या बायोप्स्या तेवढ्या जास्त झाल्या. म्हणून आरशासमोर दरमहा ठरल्या दिवशी कवायत करा, असा आग्रह आता बहुतेक तज्ज्ञ धरत नाहीत. आपले स्तन नेहमी कसे दिसतात, कसे लागतात, हे प्रत्येकीला ठाऊक असावं, आणि बदल दिसला तर तिने तो अंगावर काढू नये, एवढं ते सांगतात.

दुसरा प्रयोग आपल्या मुंबईतला, टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा, डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये सुरू झालेला. मुंबईतल्या गरीब वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया. एका गटाकडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी जाऊन हाताने स्तनांची तपासणी करत. दुसऱ्या गटाला कर्करोगाची माहिती दिली होती. तपासणारी डॉक्टर नव्हती, यंत्र नव्हतं, वीजही लागत नव्हती. दोन दशकांचा पाठपुरावा २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्यांचं प्रमाण तपासणीच्या गटात ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी झाले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये मात्र घट जवळजवळ ३० टक्के होती आणि ती पक्की होती. पन्नाशीच्या आतल्यांना तसा फायदा दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. आकडे सोयीचे तेवढेच उचलायचे नसतात.

मॅमोग्राफीबद्दल थोडक्यात. हाताला न लागणारी गाठ ती दाखवते, हे खरं. तरुण वयात स्तनाची घनता जास्त असल्यामुळे फोटोत सगळं पांढरंच दिसतं आणि गाठही पांढरी, म्हणून तिचा उपयोग वय वाढेल तसा वाढतो. ज्यांना जवळ सोय आहे आणि परवडतं त्यांनी पन्नाशीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. पण हाताला गाठ लागत असताना मॅमोग्राफीचा अहवाल "नॉर्मल" आला म्हणून गप्प बसू नका. काही गाठी तिला दिसत नाहीत.

आता आपल्या घराजवळचं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं. मुंबईत ही नोंदणी १९६०च्या दशकापासूनच होती, पण तिथे रुग्णालयांचे कागद बघून आकडे मिळत. खेड्यात बाई रुग्णालयात गेलेलीच नसेल तर कागद कुठून येणार? म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांना बसवलं, कर्करोगाच्या खुणा समजावून सांगितल्या आणि ज्यांना खूण दिसते त्यांना रुग्णालयात यायला सांगितलं. नोंद करायला गेलेली माणसं शिकवूनही आली. पुढे तिथल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण आधीच्या टप्प्यात येऊ लागल्याचं आणि जास्त जगू लागल्याचं नोंदलं गेलं. बोलण्याने असं होऊ शकतं, याचा पुरावा मला परदेशातून आणावा लागत नाही.

सरकारी धोरणातही हे आहे. २०१६च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी आरोग्य सेविकेने स्तनतपासणी करायची आहे. प्रत्यक्षात २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीही झालेल्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकसुद्धा पुरती नाही. तेव्हा तुमच्या उपकेंद्रात जाऊन विचारा, आमची तपासणी कधी करणार. आशाताई आणि आरोग्य सेविका यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे हे मला माहीत आहे. तरी विचारा. मागणी नसली की योजना फाइलीत झोपते.

लवकर आल्याने काय मिळतं? भारतातल्या नोंदणी केंद्रांच्या आकड्यांवरून, स्तनापुरत्याच मर्यादित रोगात निदान झालेल्या शंभर जणींपैकी ८१ जणी पाच वर्षांनंतर हयात असतात. काखेपर्यंत गेलेल्यांत ६५. लांबच्या अवयवांत पसरलेल्यांत १८. जीव वाचतो हे झालंच, पण बायका माझ्याकडे दुसराच प्रश्न हळू आवाजात विचारतात: काढून टाकणार का? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेचे हॉलस्टेड स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढत, आणि पुढची कित्येक दशकं जगभर तेच चाललं. इटलीच्या व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रिया घेऊन निम्म्या जणींचा स्तन काढला, निम्म्या जणींचा गाठ असलेला भाग काढून किरणोपचार दिले. वीस वर्षांनी दोन्हीकडे जगण्याचं प्रमाण सारखं निघालं. आज गाठ लहान असताना आलेल्या बहुतेक बायकांचा स्तन वाचवता येतो. ज्या भीतीने बाई थांबते, ती थांबल्यामुळेच खरी होते.

खर्चाचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा. डॉक्टरांनी "बघू या महिन्याभराने" म्हटलं तर विचारा, सोनोग्राफी कधी करायची, आणि बायोप्सी का नको? कारण पटेल असं मिळालं तर थांबा. नाही मिळालं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, आणि जुने कागद बरोबर न्या.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांतून एका मुलीने विचारले: "माझ्या आईला झाला होता. मी कधीपासून तपासून घ्यायचं?")

आईचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधीपासून डॉक्टरांकडून नियमित तपासणी सुरू करावी, असा साधारण नियम आहे. आईला ४५व्या वर्षी झाला असेल तर तू ३५व्या वर्षी. पण आधी घाबरू नकोस. सगळ्या रुग्णांत आनुवंशिक कारण असलेल्या शंभरात पाच ते दहाच असतात, आणि बहुतेक जणींच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो. म्हणून ज्यांच्या घरात नाही त्यांनीही निर्धास्त राहू नये. तुझ्या घरात एकीपेक्षा जास्त जणींना झाला असेल, कुणाला चाळिशीच्या आत झाला असेल, अंडाशयाचा कर्करोग असेल किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा झाला असेल, तर बीआरसीए जनुकांच्या रक्ततपासणीबद्दल मोठ्या केंद्रात सल्ला घे. आणि घरात चौकशी करताना आई, मावशी, आजी इथेच थांबू नकोस. हे जनुक वडिलांकडूनही तितकंच येतं. आत्याला विचार, वडिलांच्या आईला काय झालं होतं तेही विचार.